एकाच वाटणाची आमटी, दोन भावांचे दोन रिपोर्ट: नारळ तुमच्या एलडीएलला किती हलवतो ते घरी कसं तपासायचं

मुरुडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही घरात हा वाद ऐकू येतो. एकाच पातेल्यातली आमटी जेवणारे दोन भाऊ. थोरल्याचं एलडीएल, म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल, १५० (मिग्रॅ/डेसिलिटर), धाकट्याचं १०५. डॉक्टर थोरल्याला नारळ कमी करायला सांगतात, आणि आई म्हणते, "ह्येचो आजो रोज नारळ खाय, नव्वद वर्सां जगलो." डॉक्टर खोटं बोलत नाहीत आणि आईही नाही. आहाराने रक्तातली चरबी सरासरीने किती हलते हे शास्त्राला चांगलं ठाऊक आहे. पण त्या सरासरीच्या कुठल्या बाजूला तुम्ही आहात, हे बऱ्याच अंशी आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं.

ते कळायला आधी जनुकांची तपासणी करायची गरज नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक वही आणि दहा आठवड्यांत सहा वेळा रक्त देण्याची तयारी एवढं पुरतं. जनुकांची तपासणी कधी करायची आणि कधी पैसे वाचवायचे, ते शेवटी आहे.

फरक कुठे पडतो

विहिरीतली पातळी झऱ्यावरही ठरते आणि उपशावरही. रक्तातल्या कोलेस्टेरॉलचं तसंच. त्यातलं बरंचसं यकृत स्वतः बनवतं, काही आतड्यातून येतं, आणि उपसा करतात यकृताच्या पेशींवरचे एलडीएल रिसेप्टर. संपृक्त मेद, म्हणजे नारळातला, तुपातला, पामतेलातला मेद, हा उपसा मंदावतो. म्हणून एलडीएल चढतं. अंड्यातलं किंवा कोळंबीतलं कोलेस्टेरॉल त्या मानाने कमी चढवतं. लोक नेमकं उलटं धरून चालतात आणि कोळंबी सोडून सोलकढीचे दोन ग्लास पितात.

माणसामाणसात फरक पडण्याच्या मुख्य जागा या.

रिसेप्टर बनवणाऱ्या एलडीएलआर या जनुकातच बिघाड असेल तर उपसा जन्मापासून अर्धा. याला कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. साधारण २५० माणसांत एकाला असतो. पीसीएसके९ नावाचं प्रथिन रिसेप्टर मोडीत काढतं. ते जास्त चाललं तर एलडीएल वर, जन्मतः कमी चाललं तर आयुष्यभर खाली. या जनुकाचा एलडीएलशी संबंध २००३ साली उघड झाला आणि त्यातून पुढे औषधं निघाली.

एपीओई हे जनुक तीन रूपांत येतं: ई२, ई३, ई४. बहुतेकांकडे ई३ असतं. ई४ असलेल्यांचं एलडीएल सरासरीने थोडं वर असतं आणि संपृक्त मेद वाढवला की जास्त चढतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, सगळ्यांत नाही. ई२ वाल्यांचं एलडीएल सहसा खाली असतं, पण दोन्ही बाजूंनी ई२ आलेल्या काही जणांना वेगळाच त्रास होतो, तो पुढे येईलच.

आतड्यातून कोलेस्टेरॉल आत घेण्याचं काम एनपीसी१एल१ करतं, नको असलेलं परत बाहेर टाकण्याचं एबीसीजी५ आणि एबीसीजी८ ही जोडी. सरासरी निम्मं शोषलं जातं, पण कुणात तीसेक टक्के तर कुणात ऐंशी. १९९१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये रोज २५ अंडी खाणाऱ्या ८८ वर्षांच्या गृहस्थांची हकीकत छापून आली होती. कोलेस्टेरॉल सामान्य! त्यांचं आतडं कमी शोषत होतं आणि यकृत जास्तीचं पित्तात घालवत होतं. ज्याला त्याला आपला आजा असाच होता असं वाटतं, हा भाग वेगळा.

ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या चरबीचा, कारभार निराळा आहे. ते मेदापेक्षा भात, साखर आणि दारूने जास्त चढतं, आणि किती चढेल यावर एपीओए५ या जनुकातल्या बदलांचा चांगलाच प्रभाव असतो. आपल्याकडे उंच ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ही जोडगोळी फार आढळते. तेव्हा नारळ सोडून भात वाढवणाऱ्याचं काय होतं, ते ओघाने आलंच.

हा प्रयोग कुणी करायचा नाही

हृदयविकार झालेला, स्टेंट बसलेला, एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त, ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर, गरोदर बाई: यांनी आधी डॉक्टर गाठायचा, वजनकाटा नंतर. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती प्रयोगासाठी बंद करायची नाही. तोच डोस दहा आठवडे तसाच राहिला तरी फरक मोजता येतो. मधुमेहाची औषधं चालू असतील तर जेवणातला बदल डॉक्टरांच्या कानावर घालूनच करा.

सुरुवातीला एकदा टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि उपाशीपोटीची साखर करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यामुळेच चढलेलं असतं, आणि माणूस उगाच वर्षभर सोलकढीशी भांडत बसतो. स्टेरॉइडच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं हीसुद्धा आकडे हलवतात. वहीच्या पहिल्या पानावर चालू औषधं लिहून ठेवा.

केव्हा सुरू करायचं

हा भाग बाहेरच्या लेखांत मिळत नाही आणि कोकणात प्रयोग फसतो तो इथेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताज्या बांगड्याऐवजी सुकट आणि सोडे. लगेच श्रावण, त्यात कुणी महिनाभर शाकाहारी. मग गणपती, म्हणजे उकडीचे मोदक आणि नारळाचा पूर. एप्रिल-मे म्हणजे आंबे, फणस, लग्नं आणि चाकरमानी. या काळात "नेहमीचं जेवण" नावाची गोष्टच नसते, मग तुलना कशाशी करणार? पावसाळ्यात तापही येतात; लेप्टो, डेंगी किंवा साध्या तापानंतरही एलडीएल काही आठवडे खाली बसलेलं असतं. ताप उतरल्यावर निदान सहा आठवडे जाऊ द्या.

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की सुरुवात करा. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत दहा आठवडे सरळ मिळतात. मार्गशीर्षातले गुरुवार आड येत नाहीत: आठवड्यातला एक दिवस मासे नाहीत, तर दहाही आठवडे एक दिवस मासे ठेवू नका. जत्रा आडवी आली तर जेवा, पण दुसऱ्या दिवशी रक्त देऊ नका.

आधी नारळ मोजा

"आम्ही काय, अर्धा नारळ वापरतो" या वाक्यावर कुठलंही गणित उभं राहत नाही. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला साधारण ३३ ग्रॅम मेद, त्यातला ३० ग्रॅमच्या आसपास संपृक्त. सुक्या खोबऱ्यात जवळपास दुप्पट. म्हणजे कोंबडीच्या वाटणातली एक वाटी भाजलेलं खोबरं ही ओल्या दोन वाट्यांच्या तोडीची. मध्यम नारळाचा कीस दोनशे-अडीचशे ग्रॅम निघतो, पण बाणवली जातीचा एक आणि बाजारातला दुसरा यांत फार फरक पडतो; म्हणून खवून झालं की ताटली काट्यावर ठेवा, शून्य करा, कीस टाका, आकडा लिहा. तीन दिवसांत अंदाज बसतो.

चार माणसांच्या घरात दिवसाला एक नारळ, २५० ग्रॅम कीस धरू. ७५ ग्रॅम संपृक्त मेद, डोईमागे जवळपास १९. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याला १० टक्के संपृक्त मेदाची मर्यादा म्हणजे २२ ग्रॅम आणि ७ टक्के म्हणजे १५-१६ ग्रॅम. नुसत्या नारळाने १९ झाले. तेल, दूध, बेकरीची खारी, फरसाण अजून मोजायचंच आहे.

सोलकढीकडे जरा जवळून पाहू. कीस पाण्यात वाटला, पिळला, पंचातून गाळला. दुधात उतरला तो बराचसा मेद. चोथ्यात राहिले ते तंतू, आणि चोथा आपण टाकून देतो. चटणीत कीस अख्खा जातो, तंतूंसकट. तेव्हा तेवढ्याच खोबऱ्याची चटणी आणि सोलकढी पोटात गेल्यावर सारखी नाही. हिशोब करताना मात्र कीस जितका तितकाच धरा, पिळून किती निघालं याच्या भानगडीत पडू नका. पहिलं दाट दूध आणि दुसरं पातळ यांतही मेदाचा मोठा फरक असतो: दुसऱ्या दुधाची कढी रंगाला तशीच दिसते.

तेलाचं माप सोपं. रविवारी सकाळी डबा किंवा बाटली तोला, पुढच्या रविवारी पुन्हा. फरक भागिले माणसं भागिले सात. कुठलं तेल आहे तेही लिहा. खोबरेल तेलात जवळपास ९० टक्के संपृक्त मेद, पामतेलात निम्मा, शेंगदाणा आणि राइस ब्रानमध्ये साधारण पाचवा हिस्सा, सूर्यफुलात त्याहून कमी. खोबरेलाचा एक मोठा चमचा, १५ मिली, म्हणजे ११-१२ ग्रॅम संपृक्त मेद.

खोबरेलाबद्दल एक शंका हमखास येते: त्यातली आम्लं "मध्यम लांबीची" आहेत, ती थेट जळतात ना? निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं आणि त्याचा मोठा भाग शरीरात इतर लांब आम्लांसारखाच प्रवास करतो. सोळा प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २०२० साली सर्क्युलेशन नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात, बिनउष्णकटिबंधीय वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी १० मिग्रॅ चढवलं आणि एचडीएल ४. त्या चार एचडीएलवर भरवसा ठेवू नये. जन्मतः एचडीएल वर ठेवणाऱ्या जनुकीय बदलाच्या माणसांना हृदयविकार कमी होत नाही, असं लॅन्सेट नियतकालिकातल्या २०१२ च्या अभ्यासात दिसून आलं आहे.

दहा आठवडे

पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका. नेहमीसारखं जेवा, फक्त लिहा. पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी रक्त द्या. हे दोन आकडे म्हणजे तुमची मूळ पातळी, त्यांची सरासरी घ्यायची.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात एकच गोष्ट बदला: नारळ. डोईमागे ६५ ग्रॅम कीस जात असेल तर १५ वर आणा. म्हणजे ५० ग्रॅम खोबरं गेलं, त्यासोबत १५ ग्रॅम संपृक्त मेद आणि १७५ कॅलरी गेल्या. या कॅलरी परत द्यायच्या आहेत, नाहीतर वजन उतरेल आणि वजन उतरताना एलडीएल आपसूक खाली येतं. मग श्रेय कुणाचं, नारळाचं की वजनाचं? ३० ग्रॅम काजू किंवा शेंगदाणे खा. कॅलरी जवळपास तितक्याच, संपृक्त मेद फक्त दोन ग्रॅम. खारवलेले नकोत. दर रविवारी वजन करा. एक किलोपेक्षा जास्त हललं तर खाण्याचं माप दुरुस्त करा.

नारळाच्या जागी भात किंवा घावणे वाढवू नका. ही सर्वांत नेहमीची चूक. एलडीएल थोडं उतरतं, ट्रायग्लिसराइड चढतं, एचडीएल पडतं, आणि रिपोर्ट आधीपेक्षा चांगला की वाईट हेच कळत नाही.

चार आठवडे जेवण बेचव करायची गरज नाही. बांगड्याचं तिखलं नारळाशिवायच होतं: तिरफळं, लाल मिरची, कोकम, हळद. कुळथाच्या पिठीला खोबरं चमचाभर पुरतं. सोलकढीऐवजी नारळाच्या दुधाविना केलेली फुटी कढी. आमटीला दाटपणा हवा असेल तर भाजलेला कांदा, धणे आणि दोन चमचे डाळं वाटून लावा. चव मालवणी राहते, रंग थोडा फिका येतो. जून खोबऱ्याचा वास मात्र कशानेच येत नाही, तो सोडून द्यावा.

या काळात मासे वाढवू किंवा कमी करू नका, इसबगोल सुरू करू नका, चालायला जायची हौस करू नका. सगळं चांगलंच आहे, पण नंतर. इसबगोल रोज दहाएक ग्रॅम घेतलं तर एलडीएल काही टक्के स्वतःच उतरवतं आणि तुमचा नारळाचा हिशोब बिघडवतं.

आहार बदलल्यावर एलडीएल नव्या पातळीवर बसायला दोन-तीन आठवडे घेतं. म्हणून रक्त पाचव्या आणि सहाव्या आठवड्याच्या शेवटी, आधी नाही.

सातव्या ते दहाव्या आठवड्यात नारळ पूर्वीइतका, काजू बंद. नवव्या आणि दहाव्याच्या शेवटी पुन्हा रक्त. हा परतीचा टप्पा लोकांना नकोसा वाटतो, पण खाली जाऊन पुन्हा वर आलेला आकडा जे सांगतो ते नुसता खाली गेलेला सांगत नाही. खिसा आडवा येत असेल तर हीच जोडी वगळा, पहिल्या दोन नाही.

घरातल्या तिघाचौघांनी मिळून केलं तर सोन्याहून पिवळं. एकच पातेलं, एकच वाटण, एकाच दिवशी रक्त. मग फरक दिसेल तो आमटीचा नाही, माणसाचा.

रक्त देताना

रात्री आठला जेवण, सकाळी आठला रक्त, मध्ये फक्त पाणी. बिनसाखरेचा चहाही नको. आदले दोन-तीन दिवस दारू नाही. हुर्राक-फेणी तर नाहीच, ट्रायग्लिसराइड तिने झटकन उसळतं. खुर्चीत दहा मिनिटं बसून मग हात पुढे करा. उभं राहिल्याने रक्त दाट होतं आणि आकडा वर दिसतो. सहाही वेळा बसूनच द्या.

सहाही नमुने एकाच प्रयोगशाळेत जाऊ द्या. गावातल्या कलेक्शन सेंटरवाल्याला विचारा: नमुना नेमका कुठे जातो आणि एलडीएल मोजलेलं असतं की काढलेलं? बऱ्याच ठिकाणी ते १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात. उदाहरण: एकूण कोलेस्टेरॉल २२८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २१०. ट्रायग्लिसराइड भागिले पाच म्हणजे ४२. २२८ उणे ३८ उणे ४२, एलडीएल १४८. हे सूत्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की चालत नाही. तेव्हा एकूणातून एचडीएल वजा करा; इथे ते १९०, याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि ते उपाशी नसतानाही बऱ्यापैकी खरं राहतं. एकदा काढलेलं आणि एकदा मोजलेलं एलडीएल यांची तुलना कधीच करू नका.

आकडे वाचायचे कसे

इथे बहुतेकांची निराशा होते, तेव्हा आधीच सांगून ठेवलेलं बरं. काहीही न बदलता एलडीएल एका आठवड्यात सात-आठ टक्के इकडेतिकडे होतं, ट्रायग्लिसराइड वीस टक्केसुद्धा. यंत्राची चूक वेगळी. दोन-दोन तपासण्यांची सरासरी घेतली तरी साधारण १५ टक्क्यांच्या आतला फरक "काही झालं" असं म्हणायला पुरत नाही. आणि १३ ग्रॅम संपृक्त मेद कमी केल्याने सरासरी माणसाचं एलडीएल उतरतं ते १० मिग्रॅच्या आसपास, म्हणजे १४० वाल्याचं सातेक टक्के. सरासरी प्रतिसाद हा घरच्या तपासणीत लाटांच्या खालचा खडक आहे. दिसतो तो फक्त मोठा प्रतिसाद.

समजा थोरल्याचे आकडे १५२ आणि १४४, सरासरी १४८. नारळ कमी असताना १२१ आणि १२७, सरासरी १२४. परत आल्यावर १४७ आणि १५१. उतार २४ चा, १६ टक्के, आणि नारळ परतताच तितकाच चढ. हा माणूस संपृक्त मेदाला जोरात प्रतिसाद देणारा. शेजाऱ्याचे १३९ आणि १५१, मग १४१ आणि १३५, म्हणजे १४५ वरून १३८. पाच टक्के. याचा अर्थ "नारळ मला लागत नाही" असा नाही. "या तपासणीत फरक पकडता आला नाही" एवढाच. शेजाऱ्याचं १४५ हे १४५ च आहे, त्याचं कारण दुसरीकडे शोधायचं.

नारळ बंद केला आणि कोलेस्टेरॉल १२ ने उतरलं, असं कुणी चहाच्या टपरीवर सांगितलं तर हसून ऐकून घ्यावं. एकेका तपासणीवर १२ म्हणजे काहीच नाही.

आकड्यांमागची जनुकं

एलडीएल १९० च्या वर, ट्रायग्लिसराइड ठीक, नारळ कमी करून दहा-पंधरा टक्केच हललं, आणि घरात पुरुषांना ५५ च्या आत किंवा बायकांना ६५ च्या आत झटका आलेला: कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमियाचा दाट संशय. टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, कंडरा) चिमटीत धरून पाहा, जाड किंवा गाठाळ लागते का. बोटांच्या सांध्यांवरच्या शिरांवर गाठी आहेत का. वय ४५ च्या आत असूनही डोळ्याच्या काळ्या भागाभोवती पांढरी कडा आहे का. हे सगळ्यांत दिसतंच असं नाही. इथे आहार पुरणार नाही, गोळी लागते, आणि भावंडांना व मुलांना प्रत्येकी निम्मी शक्यता असते. कागदावर घराणं काढा: आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावश्या, कोण कशाने आणि कितव्या वर्षी गेलं. "झोपेतच गेले", "शेतात पडले ते उठलेच नाहीत" या नोंदीही लिहा. डॉक्टरला त्या कागदाचा उपयोग रिपोर्टइतकाच होतो.

संपृक्त मेदाला एलडीएलचा मोठा प्रतिसाद, बाकी सगळं ठीक: एपीओई ई४ सारखी ठेवण असू शकते. जनुक तपासून उपाय बदलत नाही. खोबरेल सोडून शेंगदाणा तेल, सुक्या खोबऱ्याचं वाटण महिन्यातून दोनदा, रोजचं ओलं खोबरं १५-२० ग्रॅमवर.

ट्रायग्लिसराइड २५०-३०० आणि एचडीएल ३५, नारळाने फारसं काही झालं नाही: हे एपीओए५ च्या अंगाचं, भाताचं प्रकरण. याच पद्धतीने भातावर प्रयोग करा. दोन वेळच्या भातातला एक वेळचा निम्मा करा, त्या जागी कुळीथ, वाल किंवा मासे, चहातली साखर आणि दारू बंद. ट्रायग्लिसराइड काही दिवसांतच हलतं, दोन-तीन आठवडे पुरतात. आकडा ५०० च्या वर गेला तर प्रयोग थांबवून डॉक्टरकडे. हजाराच्या आसपास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

एकूण कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही तीनशे-चारशेच्या घरात आणि तळहाताच्या रेघांत पिवळट-नारिंगी झाक: हा दोन्ही बाजूंनी ई२ वाला प्रकार. दुर्मीळ, पण वजन, साखर आणि दारू आटोक्यात आणल्यावर छान प्रतिसाद देणारा. सहसा त्याच्या जोडीला मधुमेह किंवा मंद थायरॉइड असतो, तो शोधावा.

अंडी-कोळंबी बंद केल्यावर एलडीएल ठळक उतरतं असे काही जण असतात. त्यांचं आतडं जास्त शोषतं. कोळंबीत १०० ग्रॅमला दीडशे ते दोनशे मिग्रॅ कोलेस्टेरॉल असतं, पण मेद नगण्य. एका अंड्याच्या बलकात १८६ च्या आसपास. बहुतेकांना आठवड्यात दोनदा कोळंबी चालते. नारळाच्या दुधातली कोळंबी हा वेगळा पदार्थ समजावा.

आणि लिपोप्रोटीन-ए, एलडीएलसारखाच रक्तातला आणखी एक कण. हे जवळपास पूर्ण जनुकांवर ठरतं, आहाराने हलत नाही. आयुष्यात एकदा मोजायचं. ५० मिग्रॅ किंवा १२५ नॅनोमोलच्या वर असेल तर बाकी सगळं जास्त कडक ठेवायचं. रिपोर्टवर एकक पाहा, दोन्ही एककं बाजारात आहेत आणि गोंधळ ठरलेला.

जनुक तपासणी: कुठली, कधी

थुंकी पाठवा, आहार घ्या, असल्या "डीएनए डाएट" पाकिटांना पैसे घालू नयेत. २०१८ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ६०९ जणांच्या प्रयोगात जनुकांवरून कमी मेदाचा आहार द्यावा की कमी पिठूळ (कमी कर्बोदकांचा), याचा वजन उतरण्याशी काही संबंध लागला नाही. ब्रिटनमधल्या १००२ जणांच्या अभ्यासात, २०२० साली, हुबेहूब जुळ्यांचीही सारख्याच जेवणानंतरची ट्रायग्लिसराइडं वेगवेगळी निघाली. शिवाय या पाकिटांमागची आकडेवारी मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची, ती इथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

वंशाप्रमाणे फरक किती पडतो याचं उदाहरण घाटापलीकडेच आहे. एफएडीएस२ या जनुकातलं एक रूप वनस्पतींतल्या मेदाम्लांपासून लांब साखळीची मेदाम्लं बनवायला मदत करतं. २०१६ च्या एका अभ्यासात पुण्यातल्या मुख्यतः शाकाहारी लोकांपैकी ६८ टक्क्यांकडे त्याच्या दोन्ही प्रती होत्या, अमेरिकनांपैकी १८ टक्क्यांकडे. किनाऱ्यावर ही चिंता करायचं कारण नाही. बांगडा, तारली, पेडवे यांत ती आम्लं तयारच मिळतात, फक्त ते खोबरेलात तळू नयेत.

कौटुंबिक प्रकाराचा संशय असेल तेव्हा मात्र तपासणी जरूर. एलडीएलआर, एपीओबी आणि पीसीएसके९ या जनुकांचं पूर्ण वाचन मागा. ठरावीक ठिपके तपासणाऱ्या स्वस्त चिपवर एलडीएलआरमधले बहुतेक दुर्मीळ बदल दिसतच नाहीत. कुटुंबात आधी ज्याचं एलडीएल सर्वांत जास्त आहे त्याची करा. बदल सापडला तर बाकीच्यांना फक्त तेवढाच तपासावा लागतो, खर्च बराच उतरतो. आणि नाही सापडला तरी १९० च्या वरचं एलडीएल तसंच धोक्याचं राहतं, गोळी सोडायची नाही.

एपीओई मागवण्याआधी घरात बोलून घ्या. ई४ चा संबंध अल्झायमरच्या वाढत्या जोखमीशीही आहे, आणि कोलेस्टेरॉलसाठी उघडलेल्या लिफाफ्यातून तीही बातमी बाहेर येते. ती ऐकायची नसेल तर प्रयोगशाळेला आधीच लेखी कळवा की एपीओई अहवालातून वगळा.

मुलांची तपासणी जनुकांनी सुरू करू नका, साध्या लिपिड प्रोफाइलने करा. आईवडिलांपैकी एकाला कौटुंबिक प्रकार असेल तर दहा वर्षांच्या आत एकदा. एलडीएल १६० च्या वर आलं तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा, आणि तेही शाळेच्या सुट्टीत नको, मामाच्या गावाहून आंबे-फणस खाऊन आलेल्या पोराचं ट्रायग्लिसराइड खरं येत नाही.